रिक्षा येऊन गेली, पण करायचं काय?

मे महिन्यातली सकाळ, साडेदहाचा सुमार. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका बोळात मी उभी होते. बोळाच्या तोंडाशी भोंग्याची रिक्षा थांबली आणि मीच लिहून दिलेला मजकूर माझ्या कानावर आला. "नागरिकांना आवाहन करण्यात येते की, वाढत्या उष्म्याच्या पार्श्वभूमीवर सर्वांनी योग्य ती खबरदारी घ्यावी." उंबऱ्यात बसून विड्या वळणाऱ्या एका अक्कांनी मान वर केली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पानं, बोटं चालूच. रिक्षा पुढं गेली तशी त्या म्हणाल्या, "योग्य ती म्हंजी कोणती, ताई?"

मला चटकन उत्तर देता आलं नाही. आणि ते देता येत नसेल, तर तो मजकूर लिहून मी केलं तरी काय होतं?

जाहीर सूचना, हस्तपत्रिका, भोंग्याचे मजकूर लिहून देणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. कधी पाण्याबद्दल, कधी डेंग्यूबद्दल, कधी उन्हाबद्दल. अक्कांच्या त्या प्रश्नानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचायला लागले. शास्त्रात याला 'जोखीम संवाद' म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट साधी आहे: लोकांच्या जिवाला कशापासून अपाय होऊ शकतो, तो कुणाला, किती, आणि तो टळावा म्हणून आज घरात नेमकं काय करायचं, हे त्यांना कळेल, पटेल आणि जमेल असं सांगणं. कळणं, पटणं आणि जमणं यातलं एक जरी सुटलं तरी सूचना वाया जाते. आपल्याकडं सगळ्यात जास्त सुटतं ते जमणं.

आधी दोन शब्द वेगळे करू, कारण निम्मा गोंधळ तिथंच आहे. आपण 'धोका' हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरतो. यंत्रमागाचा फिरता पट्टा हा धोका. तो पट्टा कुणाचं बोट किंवा पदर ओढून घेण्याची शक्यता किती, आणि घेतला तर नुकसान किती, ही जोखीम. पट्ट्याला जाळी बसवली तरी पट्टा फिरतच राहतो, म्हणजे धोका जागच्या जागी असतो, जोखीम मात्र एकदम उतरते. उलट त्याच शेडमध्ये लाइट मंद असेल, कामगार बारा तास उभा असेल, तर पट्टा न बदलता जोखीम चढते.

हा फरक न कळल्यामुळं केवढा घोळ होतो ते 2015 साली दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं सॉसेज, बेकनसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला तंबाखू ज्या गटात आहे त्याच गटात टाकलं. जगभर मथळे झळकले: सॉसेज सिगारेटइतकंच घातक! संस्थेनं तसं म्हटलंच नव्हतं. हे गट कर्करोगाशी असलेल्या संबंधाचा पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, कर्करोग किती जणांना होईल ते सांगत नाहीत. पुरावा दोन्हींचा पक्का आहे, पण तंबाखूनं होणारी हानी कितीतरी पटींनी मोठी आहे. धोका आहे हे सांगितलं गेलं, जोखीम किती हे मागं राहिलं.

तंबाखूचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगते, ती मला फार सलते. विडीच्या बंडलावर इशाऱ्याचं चित्र असतं. 2016 पासून पाकिटाचा 85 टक्के भाग त्यानं व्यापायचा असा नियम आहे. तो इशारा विडी ओढणाऱ्यासाठी आहे. सोलापुरात हजारो बायका विड्या वळतात, दिवसभर त्यांचे हात तंबाखूत असतात, बारीक धूळ नाकातोंडात जाते, निकोटिन कातडीतूनही अंगात शिरतं. त्या बाईला उद्देशून बंडलावर एक अक्षर नाही. हात धुतल्याशिवाय भाकरी थापू नका, तान्ह्या लेकराला सुपाजवळ झोपवू नका, दाराखिडकीत वारं येईल असं बसा, एवढं तरी तिला कुणी सांगायला हवं की नको? सूचना लिहिताना पहिला प्रश्न हाच असतो: ही कुणासाठी आहे? 'सर्व नागरिकांसाठी' लिहिलेली सूचना बहुतेक वेळा कुणाचीच नसते.

आता आकडे. लोकांना आकडे कळत नाहीत असं शिकलेली माणसं सहज म्हणतात. मला ते मान्य नाही. विडीची हजारी मोजणाऱ्या, त्यावरून मजुरीचा हिशोब तोंडी करणाऱ्या बाईला आकडे कळतात. आपण ते कसे सांगतो, यात खोट असते.

इंग्लंडमधलं एक उदाहरण या विषयात हमखास दिलं जातं, आणि ते आहेही तसंच बोलकं. ऑक्टोबर 1995 मध्ये तिथल्या औषध सुरक्षा समितीनं इशारा दिला की, गर्भनिरोधक गोळ्यांच्या नव्या प्रकारामुळं रक्ताच्या गुठळ्या होण्याची जोखीम दुप्पट होते. दुप्पट म्हणजे शंभर टक्के वाढ! बायकांनी घाबरून गोळ्या सोडल्या. पण दुप्पट म्हणजे किती, ते बघा. जुन्या गोळीवर साधारण 7 हजार बायकांमागे एकीला गुठळी व्हायची, नव्या गोळीवर दोघींना. पार्क मैदानावर 7 हजार बायका बसल्या आहेत अशी कल्पना करा. एवढ्या गर्दीत जुन्या गोळीनं एक बाई आजारी पडली असती, नव्या गोळीनं दोन. ती वाढलेली एक बाई खरी आहे, तिचा जीवही मोलाचा आहे, तिला माहिती मिळायलाच हवी. पण 'शंभर टक्के वाढ' ऐकून जे चित्र डोळ्यांपुढं येतं ते हे नव्हे. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 13 हजार गर्भपात जास्त झाले असा अंदाज आहे. आणि गरोदरपणातच गुठळ्यांची जोखीम त्या गोळीपेक्षा जास्त असते! इशारा खरा होता, सांगण्याच्या पद्धतीनं अपाय केला.

म्हणून बातमीत 'दुप्पट झाली', 'तिप्पट वाढली' असं वाचलं की एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: कितीची दुप्पट? लाखात एकाचे दोन झाले की शंभरात दहाचे वीस? आणि लिहिणाऱ्यानं टक्क्यांऐवजी माणसं मोजावीत. 'आपल्यासारख्या हजार जणांत पाच जणांना' असं म्हटलं की ते लगेच समजतं. मात्र एकदा हजारावर मोजायला लागलं की शेवटपर्यंत हजारावरच मोजायचं. मध्येच 'दोनशेत एक' म्हटलं की ऐकणारा हरवतो, जरी दोन्ही एकच असलं तरी.

पण नुसत्या आकड्यांनी भागत नाही. भारतात 2022 साली रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांहून जास्त माणसं गेली. तरीही हेल्मेट घाल म्हटलं की पोरगा "इथंच तर जायचंय" म्हणतो. तेच नळाला एक दिवस गढूळ पाणी आलं की अख्खी गल्ली रस्त्यावर येते. अधिकारी मंडळी मग म्हणतात, लोकांना खरी जोखीम कळत नाही.

लोकांना कळतं, त्यांचं मोजमाप वेगळं असतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी 1987 साली याची नीट मांडणी केली. एखाद्या गोष्टीची दहशत किती बसते आणि ती किती अनोळखी आहे, या दोन गोष्टींवर माणसाचं भय मुख्यतः ठरतं. एकाच वेळी खूप माणसं जाणं, लहान मुलं सापडणं, आपल्या हातात काहीच नसणं, यानं दहशत वाढते. गाडी आपण चालवतो, रस्ता रोजचा, म्हणून भय बोथट होतं. जोखीम संवादाचे जुने सल्लागार पीटर सँडमन यांनी तर समीकरणच मांडलं: जोखीम म्हणजे धोका अधिक संताप. मिश्री आपण आपल्या हातानं लावतो, गढूळ पाणी दुसऱ्यानं आपल्या गळ्यात घातलेलं असतं. त्या संतापात एक न्याय्य मागणी असते की आम्हाला विचारलं का नाही, सांगितलं का नाही. तिला 'अज्ञान' म्हणून झटकलं की पुढची प्रत्येक सूचना कानाआड जाते. चिडलेल्या माणसाला आधी ऐकायचं आणि मग सांगायचं, हा क्रम उलटा करून चालत नाही.

आता ऊन. सोलापूरकराला उन्हाची भीती दाखवणं अवघड आहे. एप्रिल-मेमध्ये पारा 42, 43 च्या पुढं जातो, हे आम्हाला लहानपणापासून पाठ आहे. "ऊन काय आजचं आहे का?" हे उत्तर ठरलेलं. हवामान खातं रंगांत इशारे देतं: हिरवा म्हणजे काही करायची गरज नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. ही पायरी चांगली आहे, पण पिवळा दिवस आला की इथल्या माणसानं काय करायचं हे रंग सांगत नाही, ते कुणीतरी बोळात येऊन सांगावं लागतं.

अहमदाबादनं ते करून दाखवलं. मे 2010 मध्ये तिथं उष्णतेची लाट आली. त्या महिन्यात एरवीपेक्षा 1 हजार 344 मृत्यू जास्त झाले असं नंतरच्या अभ्यासात निघालं. लाट ओसरून गेल्यावर आकडेवारी मांडली तेव्हा कळलं, कारण उन्हानं गेलेल्या माणसाच्या कागदावर 'ऊन' असं लिहिलेलं नसतं. हृदय बंद पडलं, किडनी गेली, म्हातारपण, असंच लिहिलेलं असतं. त्यातून 2013 मध्ये अहमदाबादचा उष्णता कृती आराखडा तयार झाला, दक्षिण आशियातला पहिला. कोणत्या तापमानाला कुणी कुणाला कळवायचं, दवाखान्यांनी काय तयारी ठेवायची, हे त्यात आधीच ठरवून ठेवलं.

माझ्या मजकुरात मात्र तेव्हा एकच वाक्य होतं: दुपारी 12 ते 4 घराबाहेर पडू नका. हे वाक्य सगळीकडं असतं. चुकीचं नाही, पण आमच्या पूर्व भागात ते अर्ध्या माणसांना लागूच पडत नाही, हे मला यंत्रमागाच्या एका शेडमध्ये दुपारी दोन वाजता उभं राहिल्यावर उमगलं. वर पत्रा. सूत तुटू नये म्हणून शेडमध्ये दमटपणा ठेवतात, वारं फार खेळू देत नाहीत. मागांच्या खडखडाटात कामगार बनियनवर उभा, बनियन पिळून काढावं इतकं ओलं. घाम येतो तो वाळला की अंग थंड होतं. हवाच दमट असेल तर घाम वाळत नाही, नुसता गळतो, शरीरातलं पाणी आणि मीठ जातं आणि अंग मात्र तापतच राहतं. त्या माणसाला आपण सांगतोय, बाहेर जाऊ नका. त्याच्यासाठी ऊन आतच आहे! बाहेर लिंबाखाली तो जास्त सुखरूप राहिला असता.

तिथून आल्यावर मी मजकूर पुसून नव्यानं लिहिला. शेडमधल्या माणसासाठी वेगळा: तासाभरानं दहा मिनिटं माग दुसऱ्याकडं सोपवून बाहेर सावलीत या, तहान लागायची वाट न बघता पाणी प्या, घाम फार गेला तर मीठ-साखरेचं पाणी किंवा ताक घ्या. आणि ओळखायचं कसं तेही लिहिलं, कारण उष्माघात झालेल्या माणसाला स्वतःला कळत नाही, शेजारच्याला कळावं लागतं. बोलणं असंबद्ध झालं, चाल अडखळली, चक्कर येऊन पडला, अंग चटका बसेल इतकं तापलं, की ही साधी थकावट नव्हे. लगेच 108 ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, पुठ्ठ्यानं, टॉवेलनं जोरात वारा घाला, मानेला, काखेत, जांघेत बर्फ किंवा ओली फडकी लावा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. माणूस वाचतो तो बऱ्याचदा या पंधरा-वीस मिनिटांत.

माझी स्वतःची सगळ्यात मोठी चूक मात्र पाण्याच्या बाबतीत झाली. डेंग्यूच्या दिवसांत आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो: आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, सगळी भांडी रिकामी करा. यामागचं शास्त्र पक्कं आहे. डेंग्यूचा डास, एडिस, स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यात एकदा पाणी ओतून दिलं की पिढी मध्येच मोडते.

पण सोलापुरात नळ रोज येत नाही. चार दिवसांनी, कधी पाच दिवसांनी येतो. उजनी धरण भरलेलं असो की नसो, घरातलं बॅरल, हौद, कळशा, पातेली सगळं भरून ठेवल्याशिवाय इथं संसार चालत नाही. त्या घरात जाऊन मी सांगतेय की भरलेलं बॅरल ओतून द्या! एका घरात आजीबाई मला शांतपणे म्हणाल्या, "पोरी, पाणी ओतू म्हणतीस, मग परवापर्यंत पिऊ काय?" त्यांच्या आवाजात रागही नव्हता. मला वाईट याचं वाटलं की आम्ही इतकी वर्षं त्यांना न पाळता येणारी गोष्ट सांगत होतो आणि 'लोक ऐकत नाहीत' म्हणून नोंदवत होतो.

मग तोच विषय पाण्याच्या पाळीभोवती लावून बघितला. नळ यायच्या दिवशी बॅरल तसंही तळाला आलेलं असतं. तेव्हा उरलेलं दोन तांबे पाणी सांडायला कुणाची ना नसते. ती बॅरल घासायची वेळ. नुसतं ओतून भागत नाही, कारण एडिसची मादी अंडी पाण्याच्या काठाला, भांड्याच्या भिंतीला चिकटवते. ती अंडी कोरडी होऊनही कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून काथ्यानं किंवा नारळाच्या शेंडीनं आतली भिंत वरपासून घासायची, पाणी जिथवर चढतं तिथं जास्त. भरल्यावर तोंडाला जुनं धोतर किंवा साडीचा तुकडा ताणून दोरीनं आवळायचा, सैल झाकण चालत नाही. हौद रिकामा करणं शक्यच नसेल तर त्यात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडायचे. नव्या मजकुराचं पहिलं वाक्य असं झालं: "आज नळ येणार आहे. पाणी भरायच्या आधी बॅरल आतून घासा." आणि रिक्षा नळ यायच्या दिवशी, नळ सुटायच्या तासभर आधी फिरवायची असं ठरलं. अकरा वाजता कामगार कारखान्यात असतो, पाणी यायच्या वेळी मात्र बोळातलं प्रत्येक घर दारात असतं.

भाषेचंही तसंच. पूर्व भागात घराघरात तेलुगू, दक्षिणेकडं सरकलं की कानडी, बाजारात दखनी. मराठी सगळ्यांना येते हे खरं, पण घाईच्या वेळी कान आईच्या भाषेकडं जातो. मराठीनंतर लगेच "नीळ्ळु काचि तागंडी" आणि "नीरु कुदिसि कुडियिरि" ऐकू आलं की म्हातारी माणसं पडवीतून उठून पुढं येतात, हे मी बघितलं आहे. दोन्हींचा अर्थ एकच, पाणी उकळून प्या. आणि मराठीतही शब्द साधाच हवा. 'पाणी शुद्ध करून प्यावे' लिहिलं की कुणी फडक्यातून गाळतं, कुणी तुरटी फिरवतं. गाळण्यानं गढूळपणा जातो, तुरटीनं गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. खळखळ उकळी फुटल्यावर मिनिटभर तसंच ठेवलं की मरतात. क्लोरीनची गोळी टाकली तर अर्धा तास थांबावं लागतं. 'शुद्ध' या एका शब्दामागं हे सगळं लपून राहायचं.

जानेवारी 2025 मध्ये याची कसोटी लागली. पुण्यात जीबीएसचे, म्हणजे गिलन-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे, रुग्ण एकदम वाढले आणि संशयित मृत्यूची बातमी सोलापुरातून आली. नाव कुणी ऐकलेलं नाही, माणूस लुळा पडतो एवढंच कानावर. स्लोविक म्हणतात त्या दोन्ही गोष्टी, दहशत आणि अनोळखीपणा, पुरेपूर. गल्लीत लोक विचारायला लागले, त्या घरच्यांच्या जवळ जायचं की नाही?

अशा वेळी तीन थरांत सांगावं लागतं. जे माहीत आहे ते आधी: हा एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. पोटाच्या किंवा घशाच्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती चुकून आपल्याच नसांवर हल्ला करते, त्यातून पायांना मुंग्या येतात, बळ जातं आणि ते वर चढत जातं. लवकर दवाखाना गाठला तर बहुतेक रुग्ण बरे होतात. मग जे अजून माहीत नाही तेही उघड सांगायचं: या भागातलं पाणी दूषित आहे का, त्याची तपासणी चालू आहे, अमुक दिवशी कळवू. आणि शेवटी तोवर काय करायचं ते: पाणी उकळून प्या, उघड्यावरचं, कच्चं खाऊ नका, पायातलं बळ गेल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. 'अजून माहीत नाही' म्हणायला अधिकारी फार कचरतात. त्यांना वाटतं विश्वास उडेल. पण विश्वास उडतो तो 'काही नाही, सगळं ठीक आहे' असं सांगून चार दिवसांनी उलटं निघालं की.

त्याची किंमत इटलीतल्या ल'अकिला शहरानं मोजली. 2009 साली तिथं महिनोन्‌महिने लहान धक्के बसत होते. एका अधिकाऱ्यानं लोकांना निर्धास्त केलं, धक्क्यांतून ऊर्जा निघून जाते ते बरंच आहे अशा अर्थाचं सांगितलं. 6 एप्रिलला मोठा भूकंप झाला, 309 माणसं गेली. पूर्वी धक्का बसला की रात्र बाहेर काढणारी कुटुंबं त्या रात्री घरात राहिली होती, असं त्यांच्या नातेवाइकांनी सांगितलं. खटला झाला, 2012 मध्ये शास्त्रज्ञांसह सात जणांना शिक्षा झाली, पुढं शास्त्रज्ञ निर्दोष सुटले.

हे वाचताना मला किल्लारी आठवल्याशिवाय राहत नाही. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, गणपती विसर्जनाची दमलेली रात्र. सोलापुरातही जमीन हलली होती. किल्लारीच्या भागात आदल्या वर्षी, 1992 मध्ये, लहान लहान धक्के जाणवत होते. भूकंप कधी येणार हे तेव्हा कुणी सांगू शकत नव्हतं, आजही सांगता येत नाही. पण दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद अशा घरात धक्का बसला तर माणूस गाडला जातो, हे सांगता येण्यासारखं होतं. पुढं काय होईल हे माहीत नसतानाही काय करावं हे माहीत असू शकतं. जोखीम संवादाला खरी जागा आहे ती इथं.

अफवांबद्दल थोडक्यात. 2020 च्या सुरुवातीला कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो हे व्हॉट्सॲपवर फिरलं आणि पोल्ट्रीवाल्यांचा भाव मातीमोल झाला. तेव्हा खुलासा करणारेही मोठ्या अक्षरात लिहीत होते, 'कोंबडीमुळे कोरोना होतो का?' आणि खाली बारीक अक्षरात 'नाही'. लोकांच्या डोक्यात राहिलं ते मोठं अक्षर. म्हणून खरं आधी लिहायचं, खोट्याचा उल्लेख एकदाच आणि तो खोटा का ते सांगून, मग पुन्हा खरं.

आगीबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. 18 मे 2025 ला पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली, 8 जीव गेले, त्यात लेकरूही होतं. आपल्या शहरात कारखाना आणि घर एकाच छपराखाली असणं नवं नाही. खाली सुताचे ढीग, वर झोपायच्या खोल्या. अशा ठिकाणी 'आग लागल्यास घाबरू नका' ही पाटी कुणाला उपयोगी पडेल? कापसाच्या, सुताच्या आगीत ज्वाळेच्या आधी धूर माणसाला गाठतो. धूर वर चढतो, जमिनीलगत श्वास घेता येतो, म्हणून वाकून, रांगत निघायचं. पण निघायचं कुठून? पाटी लिहायची तर एकच प्रश्न लिहावा: अंधारात, डोळे मिटून, दुसऱ्या दारापर्यंत जाता येईल का? आज रात्री घरातल्या सगळ्यांनी एकदा जाऊन बघा. दार बाहेरून कुलूपबंद असेल, वाटेत बाचके रचलेले असतील, तर ते आजच कळेल.

आता मी कोणताही मजकूर भोंग्यावर जाण्याआधी त्या अक्कांना वाचून दाखवते. "कळलं का?" असं विचारत नाही, त्यावर सगळे हो म्हणतात. मी म्हणते, "अक्का, शेजारच्या बाईला हे तुम्ही कसं सांगाल?" त्या विड्या वळता वळता सांगतात, अर्धं मराठीत, अर्धं तेलुगूत, आणि जिथं त्या अडखळतात किंवा गाळतात तिथं माझ्या मजकुरात काहीतरी चुकलेलं असतं. परवा उन्हाचा मजकूर वाचला. त्यात ओळ होती, पत्र्यावर पोती टाकून ती ओली ठेवा. अक्का थांबल्या. बोळातल्या बॅरलांकडं बघत म्हणाल्या, "पोत्याला पाजायला पाणी कुठलं, ताई? नळ सोमवारी."

ओळ खोडली. तिथं लिहिलं: पत्र्याला वरून पांढरा चुना मारा, घर काही अंशांनी तरी निवतं. "चुन्याला किती पैसे लागतील तेही सांगा रिक्षात," त्या म्हणाल्या. मी पेन घेऊन चुन्याच्या दुकानात चौकशीला निघाले.